सोसायटीत मुक्त स्काऊट-गाईड पथक काढायचंय, नियमावली कशी लिहावी? (घोडबंदर रोड, ठाणे)

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये जूनपासून भारत स्काऊट्स आणि गाईड्सचं मुक्त पथक सुरू करायचं घाटतंय. शाळेशी संबंध नाही, सगळं सोसायटीपुरतं. नावं 26 आली आहेत. त्यात दहा वर्षं पूर्ण झालेले मुलगे 12, मुली 8 आणि दहाच्या आतले सहा (तीन मुलगे, तीन मुली). वेळ द्यायला पाच पालक तयार आहेत, त्यात दोन आया.

सेक्रेटरींचं म्हणणं, आधी लेखी नियमावली द्या, मग मैदानाचं बघू. म्हणून 27 कलमांचा मसुदा केला. उशिरा आल्यास दहा रुपये दंड, गणवेश अपुरा असल्यास वीस, मोबाइल दिसला तर जप्त, लागोपाठ तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी, मोठ्यांना उलट बोलल्यास पालकांना बोलावणं, वगैरे. यात काय राहिलंय? सहा-सात पालकांना हे फार कडक वाटतंय, बाकीच्यांना कमी. जाणकारांनी सांगावं.

---

पथक_आणि_पडाव

मसुदा वाचला. 27 कलमं आणि सगळी मुलांसाठी. मोठ्यांनी काय करायचं नाही याचं एकही कलम नाही! आधी ते लिहा. पथकं बंद पडतात ती मुलं उशिरा येतात म्हणून नव्हे. पैशाचा घोळ होतो, एकाच माणसावर सगळा भार पडतो किंवा पालकांचा विश्वास उडतो, तेव्हा पडतात.

आता आकड्यांकडे येऊ. एका संघात संघनायक धरून सहा ते आठ मुलं, आणि स्काऊट पथक जास्तीत जास्त 32 जणांचं. तुमचे 12 मुलगे म्हणजे सहा-सहाचे दोन संघ, अगदी जमून आलंय. मुली आठ आहेत. चार-चारचे दोन संघ करायचा मोह होईल, करू नका. दोघी गैरहजर राहिल्या की संघात दोनच उरतात आणि संघनायिकेला करायला काही राहत नाही. आठ जणींचा एकच संघ ठेवला तर खेळात समोर कोणी नाही. शेजारच्या इमारतींतून आणखी चौघी मिळवा आणि सहा-सहाचे दोन करा. तोवर मैदानी खेळ मुलांच्या संघांबरोबर चालतील, पण नोंदणीत गाईडचं, म्हणजे मुलींचं, पथक वेगळंच राहतं.

दहाच्या आतल्यांना या वर्षी घेऊ नका. ते कब (मुलगे) आणि बुलबुल (मुली), त्यांचा अभ्यासक्रम वेगळा, शिकवण्याची रीत वेगळी. त्यांना स्काऊटांच्या रांगेत उभं केलं की कंटाळतात आणि मोठी मुलंही 'हे बालवाडीचं आहे' म्हणून सटकतात. तीन कब आणि तीन बुलबुल यांच्यासाठी दोन वेगळे प्रशिक्षित लीडर देणं तुम्हाला आज झेपणार नाही.

पाच पालक तयार आहेत याचा अर्थ पाच स्काऊट मास्टर नव्हेत. एक स्काऊट मास्टर, एक सहायक, एक गाईड कॅप्टन, एक सहायक. पाचवा माणूस ग्रुप कमिटीत, म्हणजे पथकाचा कारभार बघणाऱ्या मोठ्यांच्या समितीत, मैदानावर नाही. चौघांनी बेसिक कोर्स करायचा. तो निवासी असतो, साधारण आठवडाभराचा, विभागागणिक वेगळा. नोकरीवाल्यांना रजा टाकावी लागते, तेव्हा 'तयार आहे' म्हणणाऱ्यांना हे आधीच विचारून घ्या. जिल्हा कार्यालयात जिल्हा संघटकांना भेटून मुक्त पथकाच्या नोंदणीचे कागद घ्या. नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण असतं. ते चुकलं की मुलांच्या सोपान चाचण्यांची (टप्प्याटप्प्याच्या परीक्षांची) गणती अडते, आणि ते लक्षात येतं राज्य पुरस्काराचा अर्ज भरताना, म्हणजे फार उशिरा. नोंदणीआधी गणवेश आणि बिल्ले शिवून बसू नका.

नियमांचे तीन ढीग करा. पहिला तुमच्या हातातला नाही: वचन, नऊ कलमांचा स्काऊट नियम, गणवेश, बिल्ले, सोपानांचा क्रम. हे संघटनेचं आहे. त्यात भर घालू नका, फक्त 'संघटनेच्या नियमांनुसार' एवढं लिहा. दुसरा ढीग ग्रुप कमिटीचा: पैसे, सुरक्षितता, मैदान, सहली, लीडरांचं वागणं. हाच सेक्रेटरींना द्यायचा. तिसरा ढीग मुलांचा: उशीर, गैरहजेरी, सामान हरवणं, संघातली भांडणं. तो कोर्ट ऑफ ऑनर ठरवतं, म्हणजे संघनायकांची सभा. स्काऊट मास्टर तिथे सल्ल्यापुरता बसतो आणि आतलं बोलणं बाहेर जात नाही. तुमच्या 27 पैकी निम्म्याहून जास्त कलमं या तिसऱ्या ढिगातली आहेत. ती खोडा. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर 20 मुलं शिबिराला नेली तेव्हापासून संघपद्धत, म्हणजे छोट्या संघांनी आपल्या नायकाखाली काम करणं, हाच या कामाचा कणा आहे. नियम वरून आले की संघनायक नुसता हजेरी घेणारा कारकून होतो.

---

सीवूड्सची_कॅप्टन

वरचं सगळं बरोबर. मी दुसऱ्या ढिगातल्या सुरक्षिततेबद्दल लिहिते, कारण पालक नेमकं तेच विचारत नाहीत.

कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद जागेत एकटा नसावा. हे कलम पहिल्या क्रमांकावर, ठळक अक्षरात. खासगी बोलायचं असेल तर सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा अंतरावर. मीटिंगला किमान दोन मोठी माणसं. दुसरा आला नाही तर मीटिंग रद्द, 'आजच्यापुरतं चालवून घेऊ' नाही. बाहेर जाताना आठ मुलांमागे एक मोठा, पण दोनाच्या खाली कधीच नाही. मुली असतील तर त्यात बाईमाणूस हवंच, आणि गाईडच्या मुक्कामी शिबिरात दोन.

व्हॉट्सअॅपबद्दल लिहायला लोक विसरतात. लीडर आणि मूल यांच्यात थेट खासगी मेसेज नाहीत. सूचना पालकांच्या ग्रुपवर, आणि त्या ग्रुपवर फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग. नाहीतर शुभ सकाळच्या फुलांत 'उद्या रेनकोट आणा' वाहून जातं. मुलांचे फोटो कुठे टाकायचे याची संमती प्रवेश अर्जातच घ्या आणि शाळा, इमारत, मजला कळेल असं काही फोटोखाली लिहू नका.

लीडर म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचं पोलीस पडताळणीचं चारित्र्य प्रमाणपत्र घ्या. ओळखीचे शेजारी आहेत म्हणून सूट नको. एकाला दिली की दुसऱ्याकडे मागताना तोंड उरत नाही.

पोक्सो कायदा, 2012 (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) सगळ्या लीडरांनी समजून घ्यावा. कलम 19 नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं ही कोणाच्याही मर्जीची गोष्ट नाही, बंधन आहे. न कळवणं कलम 21 खाली गुन्हा ठरतो, आणि संस्थेच्या प्रमुखाला शिक्षा जास्त, एक वर्षापर्यंत कैद. 'आधी कमिटीत चर्चा करू, सोसायटीचं नाव खराब होईल' हे कायद्यात बसत नाही. मुलाची ओळख कोणापुढेही उघड करायची नाही, कमिटीपुढेसुद्धा. 1098 (चाइल्डलाइन) आणि 112 (तातडीची मदत) हे दोन नंबर प्रत्येक लीडरच्या मोबाइलमध्ये असू द्या.

आरोग्यपत्रक एक पानी असावं: रक्तगट, दमा, फिट, अॅलर्जी, चालू औषधं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं, तातडीचे दोन फोन (त्यातला एक आईवडिलांचा नसलेला, दोघंही लोकलमध्ये असतील तर फोन लागत नाही). मूळ प्रत फाइलमध्ये आणि छायाप्रत प्रथमोपचार पेटीत. पत्रक कपाटात आणि मूल येऊरच्या जंगलात असं व्हायला नको. दम्याचा पंप मुलाच्या स्वतःच्या खिशात, लीडरच्या बॅगेत नाही.

आणि शौचालय. मैदानाजवळ मुलींसाठी चालू स्थितीतलं, आतून कडी लागणारं शौचालय नसेल तर अकरा-बारा वर्षांच्या मुली दोन महिन्यांत यायच्या थांबतात, कारण मात्र 'क्लास आहे' असं सांगतात. क्लबहाउसची किल्ली मीटिंगभर गाईड कॅप्टनकडे राहील, हे सेक्रेटरींकडून लेखी घ्या.

---

खातेवही

पैशाचं थोडक्यात.

वर्गणी लीडरच्या वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका. सोयीचं वाटतं, पण वर्षाअखेरीला कोणते शंभर वर्गणीचे आणि कोणते दूधवाल्याचे हे शोधत बसाल. ग्रुप कमिटीचा ठराव करून पथकाच्या नावे खातं उघडा, दोन सह्यांचं, आणि दोन्ही सह्या एकाच घरातल्या नकोत. बँक नोंदणीचा कागद, ठराव आणि पॅन मागते. त्यामुळे नोंदणी आधी, खातं नंतर. तोवर रोख आणि क्रमांक छापलेलं पावतीपुस्तक. लीडरच्या हाती किरकोळ खर्चाला ठरावीक रक्कम द्या, समजा पाचशे. बिलं दाखवली की पुन्हा भरून द्यायची. शिबिराचे पैसे आणि वर्गणी एकाच रकान्यात लिहू नका. शिबिरातले उरलेले पैसे परत करायचे की पथकात जमा करायचे, हे शिबिराआधी ठरलेलं असावं. भांडणं यावरूनच होतात.

ज्यांना वर्गणी जमत नाही त्यांच्यासाठी सवलतीचं कलम ठेवा. सवलत कोणाला दिली हे फक्त अध्यक्ष आणि खजिनदाराला माहीत. सोसायटीच्या पथकात वॉचमनची, इस्त्रीवाल्यांची मुलं येणार असतील तर हे कलम लागेलच, आणि ती यावीतच.

गणवेशात एक काटकसर आहे. स्कार्फ त्रिकोणी असतो, दोन बाजू 70 ते 80 सेंमीच्या. 75 सेंमीचा चौकोन तिरका कापला की दोन निघतात. 112 सेंमी पन्ह्याच्या दीड मीटर कापडात असे दोन चौकोन बसतात, म्हणजे चार स्कार्फ. साडेदहा मीटरमध्ये 28. जांभळी नाक्यावर ठोकमध्ये घ्या आणि एकाच शिंप्याकडून कडा दुमडून घ्या. पालकांना आपापलं शिवायला सांगितलंत तर निळ्याच्या अकरा छटा येतील. कापड कापण्याआधी रंग मात्र जिल्हा कार्यालयाकडून मंजूर करून घ्या, काही रंग राखीव असतात.

---

कळव्याचा_रोव्हर

दंडाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. दंड नकोच, हे मान्य. दहा रुपये बाबांचे जातात, मुलाला काही वाटत नाही, आणि स्काऊट नियमातलं एक कलम काटकसरीचं असताना आपणच उशिराची किंमत लावून मोकळे होतो. पण सगळं कोर्ट ऑफ ऑनरवर सोडा म्हणणं पहिल्या सहा महिन्यांत चालत नाही. बारा वर्षांचे नवे संघनायक एकतर मित्राला सोडून देतात नाहीतर भयंकर शिक्षा ठोठावतात. 'शंभर उठाबशा' अशी शिक्षा सुचवणारे असतातच. म्हणून एक मर्यादा तुम्ही आखून द्या: शारीरिक शिक्षा नाही, उपाशी ठेवणं नाही, सगळ्यांसमोर अपमान नाही, खेळातून पूर्ण बाद करणं नाही. या चौकटीत त्यांना हवं ते ठरवू द्या.

उशिरावर सर्वात चांगला उपाय म्हणजे मीटिंगचा सर्वात झकास खेळ पहिल्या दहा मिनिटांत ठेवणं. बहुतेक पथकं उलट करतात, खेळ शेवटी ठेवतात आणि वेळ संपली म्हणून तोच कापतात. दीड तासाची आखणी अशी करून बघा: खेळ 10 मिनिटं, ध्वज आणि प्रार्थना 10, निरीक्षण (गणवेश, टापटीप) 5, कौशल्य 25, संघाचा कोपरा 20, दुसरा खेळ 10, सूचना आणि ध्वज उतरवणं 10. कौशल्याच्या पंचवीसात लीडरचं बोलणं पाचच मिनिटं, बाकी वेळ दोरी मुलांच्या हातात. प्रत्येक मुलाला स्वतःची दोन मीटर दोरी हवी, सुती, 8 मिमी जाडीची. नायलॉनवर रीफ नॉटची गाठ सुटते, शीट बेंडची घसरते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकतंय. एकाच दोरीभोवती सहा जण म्हणजे एक शिकतो, पाच जण चिमटे काढतात.

निरीक्षणात गुण संघाला द्या, एकेका मुलाला नाही. मग बुटाची लेस सैल असेल तर संघनायक स्वतःच शनिवारी रात्री फोन करतो.

ध्वज न उघडणं ही नेहमीची फजिती. घडी फार घट्ट गुंडाळलेली असते, दोरीचे पाच-सहा वेढे असतात आणि दोरी भिजून फुगलेली. दोन वेढे पुरे, तिसऱ्याचा फक्त फासा खोचायचा, दोरीचं टोक नाही. वर चढवण्याआधी हातात धरून एकदा ओढून बघा, सहज सुटला पाहिजे. पावसाळ्यात सुती दोरी काढून विणलेली पॉलिएस्टर लावा, ध्वजासाठी ती चालते.

मोबाइल जप्त करू नका. काच तडकली तर भरून कोण देणार? प्रत्येक संघाची एक कापडी पिशवी, मीटिंग सुरू होताना मोबाइल आत, पिशवी संघनायकाकडे.

---

कासारवडवलीकर

सगळ्यांचे आभार. मसुदा पूर्ण बदलतोय, मुलांची कलमं चारवर आली. दहाच्या आतल्या सहा जणांच्या पालकांना समजावणं जड जाणार, पण बघतो.

दोन शंका आहेत. एक, जुलैत मुलांना येऊरला हाइकला न्यायचं आणि तिथे चुलीवर खिचडी करायची असं मनात आहे. दोन, नंतर कधीतरी खारघर-बेलापूर भागात. बसने न्यावं की ट्रेनने?

---

पथक_आणि_पडाव

जुलैत नव्या पथकाला येऊर नको. दीक्षाविधीच (वचन घेऊन स्काऊट होण्याचा) झालेला नसणार, प्रवेशाच्या तयारीलाच तीनेक महिने जातात. शिवाय येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. आत न्यायचं तर वनविभागाची लेखी परवानगी, उजेडातच परत, आणि चूल तर बिलकूल नाही, उद्यानात आग पेटवणं कायद्याने मना आहे. तिथे बिबट्या आहे हे ठाण्यात नव्याने सांगायला नको, पण मुलं पांगण्याचं कारण बिबट्या नसतो, ओढा असतो. पावसात वरती सर पडली की खाली कोरडा वाटणारा ओढा दहा मिनिटांत गुडघ्यावर येतो. धबधब्यांवर पावसाळ्यात मनाईहुकूम लागतात. खारघरच्या पांडवकडा धबधब्याचीही तीच गत.

पहिली हाइक डिसेंबरात ठेवा, चार-पाच किलोमीटरची. वाट दोन लीडरांनी आठवडाभर आधी स्वतः चालून बघायची. पुढे एक लीडर, मागे एक, आणि मागचा कधीही कोणाच्या पुढे जाणार नाही. मोजणी संघनायक करतो आणि आकडा ओरडून नाही, लीडरला येऊन सांगतो. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी. 'वाटेत मिळेल' हे धरायचं नाही.

खिचडी आधी सोसायटीच्या मैदानावर गॅसच्या शेगडीवर करा. आठ जणांच्या संघाला तांदूळ 700 ग्रॅम, मूगडाळ 350 ग्रॅम, पाणी साडेचार ते पाच लिटर, मीठ सपाट आठ चहाचे चमचे (आधी सहा घालून चव बघा), तेल अर्धी वाटी. पातेलं दहा लिटरचं. छोट्या पातेल्यात उतू जातं, मुलं घाबरून आच विझवतात आणि डाळ कच्ची राहते. तांदूळ-डाळ वीस मिनिटं भिजवा, पाणी आधी उकळवा, मगच घाला. पातळ अॅल्युमिनियमच्या भांड्यात तळाला लागतेच, म्हणून जाड बुडाचं घ्या. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही.

---

सीवूड्सची_कॅप्टन

प्रवासाचं: 20-25 जणांना एसटीचा प्रासंगिक करार (अख्खी बस भाड्याने) सोपा पडतो, पण भाडं किलोमीटर आणि वेळ दोन्हीवर बसतं, तेव्हा थांबे आधीच ठरवा. ट्रेनने जाणार असाल तर रविवारचा मेगाब्लॉक शनिवारी बघून घ्या, ठाणे-नवी मुंबईची ट्रान्स-हार्बर लाइनही त्यात येते. ठाण्याहून सुटणारी प्रत्येक गाडी बेलापूरला जात नाही. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो, वाशीची सानपाड्याकडे वळते आणि पनवेलची जुईनगर-नेरूळकडे. बेलापूर-खारघरला पनवेलची घ्यायची. एक संघ एका दारातून चढेल. लीडर शेवटी चढतो आणि उतरताना पहिला उतरून दाराशी उभा राहतो. कोणी फलाटावर राहिलं तर त्याने तिथेच थांबायचं, पुढची गाडी पकडायची नाही. कोणी गाडीतच राहिलं तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं. हे निघण्याआधी प्रत्येक मुलाकडून म्हणवून घ्या. खिशात लीडरचा नंबर लिहिलेला कागद, कारण मोबाइल नसतो आणि नंबर पाठ नसतात.

---

कासारवडवलीकर

पटलं, डिसेंबर. एक राहिलंच, काठ्या आणि बांबू ठेवायला सेक्रेटरी मीटररूम देतो म्हणतायत.

---

कळव्याचा_रोव्हर

मीटररूम नको, आगीचा धोका. फायर ऑडिटवाले पहिल्या भेटीत बाहेर काढायला लावतील. पंपरूमही नको, दमट असते, बांबूला बुरशी आणि भुंगा लागतो. पार्किंगच्या भिंतीला जमिनीपासून फूटभर वर तीन ब्रॅकेट, त्यावर आडवे ठेवा, वरून पत्र्याची पट्टी. साडेपाच फुटी काठ्या मुलांमागे एक, त्याशिवाय गॅजेट (शिबिरातल्या बांबूच्या वस्तू) बांधायला पाच ते सात सेंमी जाडीचे दहा बांबू पुरतात. एका बांधणीला तीन मीटर काथ्या धरा. काथ्याची गुंडी मात्र घरी न्या, पार्किंगमध्ये उंदीर खातात.